आत्तीची सफारी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये दोघातिघांनी विचारलं, लिहिणं बंद केलंस का? (त्यातला एक आमचा चुलतभाऊ. तो फक्त आपला उल्लेख आलाय का एवढंच बघायला इथे येतो. आला बाबा, आता पुढचं नाही वाचलंस तरी चालेल.) बंद वगैरे काही नाही. लिहावं असं काही घडत नव्हतं, आणि जानेवारीत जे घडलं ते लिहावं की नाही हे ठरवण्यात बरेच दिवस गेले. शेवटी आत्तीलाच विचारलं. ती म्हणाली, "लिव की. गावाचं नाव तेवढं नगं लिवू." म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. नात्यातल्यांना ते माहीत आहेच.

तर झालं असं, की आमच्या लेकीला वाघ बघायचा होता. सातवीत आहे. वर्गातली कुणी मैत्रीण दिवाळीत ताडोबाला जाऊन आली आणि तिने आल्यावर जो भाव खाल्ला, तेव्हापासून आमच्या घरात वाघ हा एकच विषय. आता सांगलीहून ताडोबा म्हणजे महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन दिवस जाण्यायेण्यातच जाणार. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "अरे, उशाशी चांदोली असताना तिकडं कशाला जातोस? नोव्हेंबरात ताडोबातलीच एक वाघीण आणून इथं सोडलीय. वाघच आपल्याकडं आलाय की!" मुद्दा बिनतोड होता.

त्यानेच एका कॅम्पचा नंबर दिला. सहा जणांचा ग्रुप, दोन दिवस एक रात्र, राहायला टेंट, जीपच्या दोन फेऱ्या, सोबत गाईड, जेवणखाण सगळं धरून. बायकोच्या शाळेत नेमकी तपासणी निघाली, त्यामुळे तिची जागा रिकामी. पैसे तर भरलेले. कुणाला न्यावं या विचारात असताना एका रविवारी आत्तीकडे गेलो होतो. ती वाळवा तालुक्यात एका वसाहतीत राहते. लेकीने तिला सगळा कार्यक्रम सांगितला, जीप, दुर्बीण, टेंट, वाघ. आत्ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बी ने की रं."

मी हसलो. वय वर्षं पंचाहत्तर, गुडघे दुखतात, जीपचा रस्ता खडबडीत. ती हसत नव्हती.

तिचा मुलगा, आमचा दादा, बाहेरच्या खोलीतून आला. "काय गरज आहे? तीस वर्षं झाली. जखम कशाला उकरायची?" आत्ती म्हणाली, "तुला कोन म्हनलंय चल म्हनून?" झालं, विषय संपला. आमच्या घराण्यात बायकांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या अंगाला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा आत्ती सतरा वर्षांची होती. घराची मागची भिंत पडली, एक म्हैस गेली, माणसं वाचली. आजोबांनी पुढच्याच उन्हाळ्यात तिचं लग्न उरकून टाकलं. का, तर घर परत उभं करायचं तर खाणारं एक तोंड कमी. (हे आजोबांनी असं म्हटलं होतं की आत्तीला तसं वाटतं, हे आता कुणाला विचारणार?) सासर मिळालं ते डोंगराच्या पलीकडचं, वारणेच्या खोऱ्यातलं, शिराळा तालुक्यातलं. नकाशावर सातारा जिल्हा वेगळा आणि सांगली जिल्हा वेगळा. आत्तीच्या लेखी मधे फक्त एक डोंगर. माहेरी जायचं तर पहाटे निघून, सडा चढून, पाथरपुंजावरून पलीकडे उतरायचं. हेच ते पाथरपुंज, ज्याचे पावसाचे आकडे हल्ली पावसाळ्यात पेपरात येतात. कडेवर पोर, डोक्यावर बोचकं आणि पायात काही नाही. "दिस मावळायच्या आत पोचत हुते," असं ती सांगते तेव्हा तिच्या आवाजात थोडा गर्व असतो.

पुढे १९८५ साली तिथे अभयारण्य झालं. माणसं हलवायचं ठरलं आणि नव्वदच्या दशकात एकेक गाव उठत गेलं. २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात ही दोन्ही जंगलं आहेत. या सगळ्या बातम्या मी त्या त्या वेळी पेपरात वाचल्या, बऱ्याचशा आनंदाने वाचल्या. आत्तीचं गाव त्या बातम्यांच्या आत कुठेतरी आहे हे माहीत होतं, पण ते दोन वेगळ्या कप्प्यांत होतं. असो.

सकाळी लवकर निघालो. आष्टा, पेठ नाका, शिराळा. शिराळ्याला चहा घेतला, लेकीला नागपंचमीच्या गोष्टी सांगितल्या. कोकरूडच्या पुढे वारणेचं खोरं अरुंद व्हायला लागतं. आरळ्यापर्यंत आत्ती झोपली होती. मणदूरच्या अलीकडे जागी झाली आणि पदर सावरून बसली, पाहुण्यांकडे पोचल्यावर बसतात तशी.

कॅम्प जंगलाच्या हद्दीबाहेर, एका उतारावर. खाली धरणाचं, म्हणजे वसंतसागराचं पाणी दिसतं. मोबाईलला रेंज नाही. चार तंबू, एक जेवणाची शेड, मधे शेकोटीची जागा. तंबूत खाट, गादी, मागे चेन लावलेल्या दारापलीकडे संडास-बाथरूम. लेक तर हरखूनच गेली. आत्तीने आत डोकावून बघितलं, कापडाला हात लावून बघितला. "पैशे दिऊन पालात झोपायचं व्हय? धनगरं तर फुकट झोपत्यात."

ग्रुपमध्ये आम्ही तिघं, साताऱ्याचं एक तरुण जोडपं आणि कराडचे एक बँकेतून रिटायर झालेले काका. जोडप्यातल्या त्याच्याकडे हातभर लांब लेन्सचा कॅमेरा होता आणि तो लेन्सला बाळासारखा मांडीवर घेऊन बसायचा. माणूस चांगला, पण वाघाशिवाय दुसरं काही त्याच्या डोक्यात नव्हतं. काकांना पक्षी हवे होते. माझ्या लेकीला वाघ. मला, खरं सांगायचं तर, आत्तीचे गुडघे नीट राहावेत एवढंच हवं होतं.

दुपारी गेटवर नोंद करायची होती. रजिस्टर घेऊन बसलेला माणूस खाली मान घालून एकेकाला विचारत होता, नाव, वय, गाव. मी सांगली सांगितलं. जोडप्याने सातारा. आत्तीची पाळी आली. नाव सांगितलं. वय म्हणाली, "लिवा पंच्याहत्तर." गाव विचारल्यावर तिने वसाहतीचं नाव नाही सांगितलं. जुन्या गावाचं सांगितलं.

त्याने ते सवयीने लिहिलं. मग पेन थांबलं आणि त्याने वर बघितलं. आमच्या मागे उभा असलेला गाईडही पुढे आला. तो तिथल्याच शेजारच्या गावातला, पंचवीस-सव्वीसचा पोरगा. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, पण कुणी काही बोललं नाही. रजिस्टरमध्ये ते नाव तसंच राहिलं.

जीपमध्ये गाईडने नियम सांगितले. ठरवून दिलेल्या जागीच उतरायचं. मोठ्याने बोलायचं नाही. काही खाली टाकायचं नाही, काही उचलायचं नाही. आत्ती सगळ्यात पुढे, ड्रायव्हरशेजारी, गुडघ्यांमुळे. तिथून तिला सगळ्यात चांगलं दिसत होतं.

चांदोलीचं जंगल टीव्हीवर दिसतं तसं नाही, हे आधी सांगायला हवं. म्हणजे विदर्भातल्यासारखं मोकळं आणि उन्हाचं नाही. इथे झाडी दाट, अंजनी, जांभूळ, हिरडा, खाली करवंदाच्या जाळ्या आणि कारवी. वळणापलीकडे काय आहे ते वळण घेतल्याशिवाय कळत नाही. मधेच झाडी संपते आणि जीप एकदम सड्यावर येते. काळपट तांबडा कातळ, वाळलेलं गवत आणि वारा. गाईड माहिती चांगली सांगत होता. मे २०१८ मध्ये इथे कॅमेऱ्यात वाघ आला तेव्हा केवढा आनंद झाला होता ते सांगितलं. अलीकडे दक्षिणेकडून नर आपले आपण चालत येतात, पण मादी नव्हती, म्हणून वाघीण आणावी लागली. आणि नुसता वाघ आणून भागत नाही, त्याला खायला लागतं, म्हणून सागरेश्वरहून चितळंही आणून सोडली. लेकीने विचारलं, "पण मग आधीचे वाघ कुठे गेले?" गाईड म्हणाला, "लांबची गोष्ट आहे ती." आत्ती पुढून म्हणाली, "मी नवी नवरी हुते तवा रातचा वरडायचा. सासू म्हनायची, दार लाव, मामा आलाय." काका हसले. कॅमेरावाला हळूच म्हणाला, "आजी, जरा शांत."

शेकरू दिसली. एक धनेश पंखांचा मोठा आवाज करत डोक्यावरून गेला तेव्हा काका लहान मुलासारखे उठून उभे राहिले. धुळीत बिबट्याचा ठसा दिसला. गाईडने तो काठीने गोल करून दाखवला. एका ठिकाणी भेकर ओरडलं आणि आम्ही पंधरा मिनिटं श्वास रोखून बसलो. काहीही आलं नाही. कॅमेरावाल्याने या पंधरा मिनिटांत रिकाम्या झुडपाचे बरेच फोटो काढले.

मग एका उतारावर गाईडने जीप थांबवायला सांगितली. मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि अगदी हलक्या आवाजात आत्तीच्या गावाचं नाव घेतलं. "हेच ते."

मी बघितलं. जंगलच. जरा विरळ, जरा सपाट, पण जंगलच. आत्तीने बघितलं, डावीकडे, उजवीकडे.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्ये न्हवं."

"हेच आहे, आजी."

"आरं, माझं गाव मला ठावं न्हाई व्हय? ह्ये न्हवं. आमच्या गावात येवढी झाडं कुठली?"

गाईडने वाद घातला नाही. जीप पुढे निघाली. मला एकदम फार वाईट वाटायला लागलं. इतक्या लांब आणली, आणि तिला ओळखूच येईना. दादाचं ऐकायला हवं होतं असं वाटलं. आत्ती मात्र शांत होती, फक्त दोन-तीन वेळा मागे वळून बघितलं.

आता विचार केल्यावर कळतं. ती त्या गावात जीपमधून कधी आलीच नव्हती. रस्ता नव्हताच. ती यायची ती वरून, सड्यावरून, पायी. गाव तिने नेहमी वरून खाली बघितलेलं. आणि तीस वर्षांत झाडाचं रोप जंगल होतं, हे आपल्याला पुस्तकात वाचून माहीत असतं. बघून ओळखायचं म्हटल्यावर वेगळं.

सड्यावर जाऊन आम्ही परत फिरलो, तीच वाट. ऊन कललं होतं. या वेळी उतार समोर येत होता, वरून. आणि आत्तीने ड्रायव्हरचा दंड धरला.

"थांब. थांब रं."

आता मलाही दिसलं. तिरप्या उन्हात सावल्या पडल्या होत्या म्हणून असेल. ती सपाटी म्हणजे नुसती सपाटी नव्हती, पायऱ्या होत्या. एकाखाली एक भाताची खाचरं, दगडी ताली अजून बऱ्याचशा उभ्या. गवत उगवलेलं, पण ताली सरळ, माणसाने रचलेल्या. वर दोन जोती दिसत होती, शेवाळलेली. बांधाकडेला एक मोठा फणस. फणस, आंबा असा ओळीत जंगलात उगवत नाही.

आणि मधल्या खाचरात गवे. अकरा होते, लेकीने मोजले. एक तर केवढा, काळा, चकचकीत, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. संध्याकाळचं ऊन त्यांच्या पाठीवर. माना खाली घालून चरत होते. कॅमेरावाल्याच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं आणि त्याने लेन्स उचलली. अशी जागा, असा उजेड, असा कळप, फोटो काढणाऱ्याला जन्मात दोनदा मिळत नसेल.

आत्ती पुढच्या दांडीला धरून उभी राहिली. ज्या बाईला मोरीत जायला आधार लागतो ती कशी उभी राहिली मला माहीत नाही. आणि तिने हाळी दिली. "हाऽऽऽ ह्यो! हाऽऽऽ ह्यो!" असा आवाज मी तिच्याकडून आयुष्यात ऐकला नव्हता. छातीतून आलेला, त्या दरीच्या मापाचा. पाठोपाठ दोन्ही हातांनी जीपच्या पत्र्यावर थापा.

गवे एका क्षणात उधळले. ताली ओलांडून, जोत्यांच्या मधून, धडाधड खालच्या रानात. शेवटी फक्त फांद्या मोडल्याचा आवाज राहिला, मग तोही गेला.

जीपमध्ये कुणी बोलेना. कॅमेरावाल्याचा चेहरा मी बघितला नाही. ड्रायव्हर गाईडकडे बघत होता. गाईड लाल झाला होता. त्याचं काम होतं हे, वरपर्यंत कळलं तर त्यालाच विचारणार होते. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात आत्ती खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि ओशाळं हसून म्हणाली, "सवय, बाबा. माळ्यावर बसून जलम गेला ह्येंच्यामागं. भात खात्यात."

भात तिथे तीस वर्षांत कुणी लावलेला नाही.

कॅम्पवर आल्यावर मी आधी गाईडची माफी मागितली आणि मग त्या साताऱ्याच्या पोराची. पोरगा म्हणाला, "असू दे," पण ते असू दे नव्हतं. जेवण होतं भाकरी, पिठलं, ठेचा, भात. आत्तीने भाकरी उलटसुलट करून बघितली आणि करणाऱ्या बाईला बोलावून सांगितलं, की बाई, नाचणीला उकड काढ. ती बाईही वारणेकाठचीच. मग दोघींच्या नात्यागोत्याची उजळणी सुरू झाली आणि पंधरा मिनिटांत त्या एकमेकींच्या कुणीतरी लागल्या. हे आपल्याकडे नेहमीचंच.

शेकोटीपाशी काकांनी विषय काढला. चांगल्या हेतूनेच. म्हणाले, "फार अन्याय झाला हो तुमच्यावर, आजी. एवढं सुंदर गाव सोडायला लागलं." मलाही वाटत होतं आता आत्ती रडेल. तसं ऐकायचीच आमची सगळ्यांची तयारी होती.

आत्ती म्हणाली, "सुंदर? पावसाचं चार म्हैनं तिथं ऱ्हावून बघा की."

मग ती बोलत राहिली. पाऊस लागला की घरातून बाहेर पडता यायचं नाही, चुलीच्या धुराने डोळे जायचे. मीठ आणि रॉकेल मे महिन्यातच भरून ठेवायचं. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर आला तर. आजारी माणूस झोळीत घालून खाली आणायचा, ओढ्याला पाणी असेल तर ते उतरेपर्यंत थांबायचं. निम्मं भात रानडुकरं आणि गवे खायचे, राहिलेलं आपण. वसाहतीत आल्यावर पहिल्यांदा घरात नळ बघितला. पोरं शिकली. दादा आज कारखान्यात आहे तो तिथे राहून झाला असता का? मग म्हणाली, पण जमीन द्यायला दहा वर्षं लावली, दिली ती मुरमाड. मामा (म्हणजे तिचे यजमान, आमच्याकडे आत्तीच्या नवऱ्याला मामाच म्हणतात) एका कचेरीच्या पायऱ्या झिजवून झिजवूनच गेले. "जंगल करा म्हनावं, वाघ आना. माझं काय म्हननं न्हाई. पन मानसाला येवढं हेलपाटं घालाय नगं हुतं."

गाईड लांब बसून ऐकत होता. तो म्हणाला, त्याच्या आईचं माहेरही उठलेल्याच गावांपैकी. आई एकदाही आत आलेली नाही. तो रोज जातो. "पाव्हण्यांना दाखवतो, हे गवत आहे, इथं गवे येतात. गवत का आहे ते कुणी विचारत नाही. मीपण आपणहून सांगत नाही. लोक जंगल बघायला आलेले असतात."

मी निखाऱ्यांकडे बघत बसलो. मी पैसे भरून, दुर्बीण घेऊन, आत्तीचं शेत बघायला आलो होतो आणि त्याला रान म्हणत होतो. माझं मत विचाराल तर ते रान राहिलं पाहिजे. वारणा आणि कोयना दोन्ही तिथून पाणी घेतात, आणि आमच्या सांगलीच्या नळाला ते येतं. पण हे मत मी सांगलीत, नळाखाली बसून बनवलेलं आहे, एवढं आता माहीत झालंय.

रात्री तंबूत थंडी चांगलीच होती. लेक झोपली. आत्ती जागी होती. तिला आतून चेन उघडत नव्हती, म्हणून मी उठलो. चेन उघडून दिल्यावरही ती बाहेर गेली नाही, खाटेवरच बसली. म्हणाली, "त्यो फणस बघितलास?"

"बघितला."

"त्याच्या बुडी हाय ती."

आमच्या घरात हे अर्धवट ऐकलेलं. दादाच्या आधी एक मुलगी होती आणि ती लहानपणी गेली, एवढंच. आत्तीने त्या रात्री सगळं सांगितलं, आणि फार थोडक्यात. दोन वर्षांची होती. श्रावणात ताप आला. तीन दिवस पाऊस, ओढ्याला पाणी. चौथ्या दिवशी मामा आणि दीर झोळी घेऊन निघाले, ही मागे चालत. आरळ्यापर्यंत पोचायचं होतं. निम्म्या वाटेतून परत फिरले. पोरांना जाळत नाहीत, पुरतात. पावसात लांब कुठे नेणार, म्हणून वरच्या बांधाकडेला, फणसाखाली. फणस तेव्हा लहान होता.

"उठवलं तवा समद्यांनी कायबाय आनलं संगं. जात्याचा दगड, देव, दाराची चौकट. मला ती कशी आनता येनार?"

मला काही सुचलं नाही. पांघरूण तिच्या पायांवर ओढलं. बाहेर टिटवी ओरडत होती.

सकाळी दुसरी फेरी. निघायच्या आधी मी गाईडला बाजूला घेऊन सांगितलं, नेमकं काय ते. तो म्हणाला, "तिथं उतरता येणार नाही, साहेब. तो पॉइंट नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. आदल्या दिवशीच्या प्रकारानंतर मी कोणत्या तोंडाने काही मागणार?

साताऱ्याच्या पोराला कुणी सांगितलं माहीत नाही, बहुतेक आत्तीच्या तंबूला लागूनच त्यांचा तंबू होता म्हणून. तंबूच्या कापडाला भिंतीसारखी आड नसते. पण त्या सकाळी त्याची बायको आपणहून मागे बसली आणि आत्तीच्या पायाखाली स्वतःची सॅक ठेवली, गुडघ्याला उंची मिळावी म्हणून.

उतारावर गाईडने जीप थांबवली. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. धुकं अजून पूर्ण उठलं नव्हतं. खाचरं रिकामी होती, गव्यांच्या खुरांनी गवत दबलेलं. फणस दिसत होता, पन्नास-साठ पावलांवर असेल.

मी आत्तीला म्हटलं, "उतरता येत नाही गं."

"उतरून काय करायचं? दिसतंय की."

पाच मिनिटं असेल, जास्त नाही. कुणी बोललं नाही. काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. लेकीने माझा हात धरला होता. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण मुलांना कळतं. आत्तीने हात जोडले नाहीत की डोळे पुसले नाहीत. नुसती बघत होती, आपण मुलाला शाळेच्या फाटकातून आत जाताना बघतो तशी. मग तिनेच ड्रायव्हरला म्हटलं, "चल बाबा, पोरीला वाघ दाव."

वाघ दिसला नाही. झाडाच्या खोडावर जुने ओरखडे दिसले, ते अस्वलाचे निघाले. लेक मैत्रिणीला काय सांगणार होती देव जाणे. पण परतीच्या वाटेवर शिराळ्याला ती म्हणाली, "बाबा, आजी ओरडली तेव्हा सगळे गवे पळाले ना, तसं ताडोबाला कुणाला नाही बघायला मिळत." चला, म्हणजे पैसे वसूल :-)

आठवड्याने त्या साताऱ्याच्या पोराने मला एक फोटो पाठवला. आदल्या संध्याकाळचा. हाळीने तोही दचकला असणार, कारण कॅमेरा हललेला आहे. गवे नुसते काळे फराटे, धूळ, एक ताल, आणि एका कोपऱ्यात, स्पष्ट, आत्तीचा वर केलेला हात. खाली लिहिलं होतं, "आजींना द्या." मी त्याची मोठी प्रिंट काढून वसाहतीत नेऊन दिली. आत्तीने ती देव्हाऱ्याशेजारी न लावता स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर उभी केली आहे.

दादाचा फोन बऱ्याच दिवसांनी आला. आधी इकडचं तिकडचं, ऊस, कारखाना. मग म्हणाला, "आईने सांगितलं मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." मी गप्प. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "फणस केवढा झालाय?"

म्हटलं, मोठा आहे. दोघांच्या कवेत येणार नाही.

"धरतो का अजून?"

ते मी बघितलंच नव्हतं. दादाने तिकडे आत्तीला विचारलं. फोनमधून तिचा आवाज आला, लांबून, स्वयंपाकघरातून असावा. "धरत असंल की. अस्वलाला लई आवडतंय."